हक्का लोकांची मातीची गोल घरं (तुलोउ): आईला घेऊन जायचंय, कोणती पाहू?

वाईची_मृण्मयी · १२ सप्टेंबर

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही वर्षभर चीनमध्ये श्यामेनला राहतोय. पुढच्या महिन्यात आई येतेय, सहा आठवड्यांसाठी. आई ६९ वर्षांची आहे. गुडघे दुखतात, पण कठडा असेल तर जिना चढते. पक्की शाकाहारी, अंडंही नाही.

तिला इथे एकच गोष्ट बघायची आहे. मी मागे व्हॉट्सॅपवर फुजियानच्या डोंगरातल्या मातीच्या गोल घरांचा फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं "हक्का घरं". ती म्हणाली, "हक्काची घरं म्हणजे प्रत्येकाचं स्वतःच्या मालकीचं ना?" मी सांगितलं की हक्का हे तिथल्या लोकांचं नाव आहे आणि एकेका घरात एकाच आडनावाची साठ-सत्तर बिऱ्हाडं राहायची. त्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "आणि पाणी कोण भरायचं?"

थोडं आईबद्दल सांगते, म्हणजे प्रश्न कळेल. ती वाईच्या दोन चौकी वाड्यात वाढली. अकरा बिऱ्हाडं, मागच्या चौकात एक आड. वाडा २००३ मध्ये पाडला. तिथे आता खाली गाड्या लावायची सोय असलेली चार मजली इमारत आहे. पाडायच्या आदल्या दिवशी मामाने दिंडी दरवाज्याची पितळी कडी काढून तिला आणून दिली. ती आजही तिच्या देवघराच्या फडताळात असते.

म्हणून मला तिला नुसतं फोटो काढण्याच्या जागी न्यायचं नाही. शोधायला गेलं की दहा नावं समोर येतात आणि प्रत्येक सहलवाला एका दिवसात पाच ठिकाणं दाखवतो. कुठला समूह नीट दुरुस्त केलेला आहे, जिथे अजून माणसं राहतात, जिथे आईला फार चढ-उतार होणार नाही, आणि जिथे तिला जेवायला मिळेल? एक रात्र मुक्काम करायचीही आमची तयारी आहे. कुणी प्रत्यक्ष गेलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

—

हेमंत_शांघाय · १२ सप्टेंबर

घरांबद्दल जाणकार सांगतीलच, मी फक्त दोन सावधगिरीच्या गोष्टी लिहितो.

रेल्वेने जाणार असाल तर स्टेशनचं नाव तीनदा तपासा. ही घरं पाहायला ज्या नानजिंगला उतरतात तो फुजियानमधला छोटा तालुका आहे. ज्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं ते नानजिंग शहर उत्तरेला, तिथून हजारेक किलोमीटरवर. रोमन लिपीत दोन्हीचं स्पेलिंग तंतोतंत एक. चिनीत पहिलं अक्षर सारखं (दक्षिण), दुसरं वेगळं, आणि उच्चारात शहराचा शेवट सपाट राहतो तर तालुक्याचा खाली उतरतो. आमच्या ऑफिसात आलेल्या एका पाहुण्यांच्या हातात मी चुकीचं तिकीट पाहिलं होतं. गाडी सुटायच्या आधी लक्षात आलं म्हणून निभावलं. तिकीट चिनी अक्षरांवरूनच काढा.

दुसरं म्हणजे १ ते ७ ऑक्टोबर अजिबात जाऊ नका. राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा असतो, डोंगरातले रस्ते तुंबतात. काकूंना घेऊन तर नाहीच.

—

गढीवरचा · १३ सप्टेंबर

मृण्मयीताई, तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि झोप लागली नाही, म्हणून पहाटेच लिहायला बसलो. लांबेल, चालवून घ्या.

मी २०१३ ते २०१९ श्यामेनला होतो. दगडाच्या धंद्यात. आपल्याकडचा ग्रॅनाइट तिकडे उतरतो, त्याचे ब्लॉक तपासून घेणं हे माझं काम. सलग सुट्टी मिळाली की मी त्या डोंगरात जायचो. सहा वर्षांत अकरा वेळा गेलो. माझं आजोळ धाराशिव जिल्ह्यातलं, तिथे आमच्या मामांच्या घराण्याची गढी होती. पांढऱ्या मातीचे चार बुरूज, आत तीन भावांचे तीन सोपे. मी लहान असताना बुरुजावर चढून पतंग उडवलेत. पुढे वाटण्या झाल्या, एक पाती पुण्याला गेली, एक लातूरला. धाब्यावर दरवर्षी मातीचा नवा थर द्यायचा तो कुणी द्यायचा यावर बोलणं थांबलं. धाबं गळायला लागलं, पाणी भिंतीच्या माथ्यातून आत शिरलं. वीस वर्षांत बुरुजांचे ढिगारे झाले. गावातले लोक ती पांढरी बैलगाड्या भरून शेतात टाकायला घेऊन गेले. त्यांचं काही चुकलं नाही, आमचंच कुणी तिथे नव्हतं.

आणि मग मी गाओबेइ गावात छंगछी लोउसमोर (लोउ म्हणजे इमारत) उभा राहिलो. तीही मातीच, आमच्यासारखीच ठोकून बसवलेली, १७०९ सालची, आणि वरच्या सज्जात कुणाचे तरी कपडे वाळत होते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गाओबेइ आणि होंगखंग, ही दोनच गावं पाहा. दोन्ही फुजियानच्या योंगदिंग भागात, एकमेकांपासून जवळ. मुक्काम होंगखंगला करा, तिथे ओढ्याकाठाने चालायला बरीचशी सपाट वाट आहे. फोटोत दिसतात ती 'चार भाज्या एक सूप' म्हणून प्रसिद्ध असलेली पाच घरं थ्येनल्वोखंगला आहेत, नानजिंग तालुक्यात. मधे एक चौकोनी, भोवती तीन गोल आणि एक लंबगोल. वरच्या सज्जावरून ते दृश्य बघून मी स्वतः थक्क झालो होतो. पण खाली गावात उतरायला पायऱ्याच पायऱ्या आहेत. काकूंचे गुडघे दुखतात म्हणता, तर गाडीने वरूनच बघा, नाहीतर सोडून द्या.

एवढं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या पाचांतलं मधलं चौकोनी घर, बूयुन लोउ, मूळचं १७९६ चं. १९३६ मध्ये दरोडेखोरांनी जाळलं. १९५३ मध्ये त्याच घराण्याने पुन्हा उभं केलं. आणि लंबगोल घर तर १९६६ चं आहे. म्हणजे आपल्याकडे सिमेंटच्या चाळी उठत होत्या तेव्हा हे लोक अजून माती ठोकत होते. 'जीर्णोद्धार' म्हटलं की आपण सरकारी फलक आणि निधी डोळ्यांपुढे आणतो. युनेस्कोच्या यादीत ही घरं २००८ मध्ये आली, एकूण ४६, आणि त्यानंतर पैसा आला, रस्ते झाले, हे खरंच. पण त्याच्या आधीची कित्येक वर्षं ती राहती ठेवली ती आत राहणाऱ्यांनी. मी एका मार्चमध्ये दोन म्हाताऱ्यांना छपरावर कौलं चाळताना पाहिलं. कौलं नुसती एकावर एक ठेवलेली असतात, वर वजनाला विटा. फुटकी काढायची, सरकलेली सारखी करायची. कोकणात पावसाआधी घर शाकारतात, अगदी तसं. छप्पर भिंतीच्या बरंच बाहेर येतं, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. तेवढ्यावर तीनशे वर्षं निघाली. आमच्या गढीला एवढंच कमी पडलं.

भिंतीबद्दल: पायथ्याला ओढ्यातले गोटे, त्यावर माती, वाळू, चुना. महत्त्वाच्या ठिकाणी चिकट तांदळाची पेज आणि गूळ. आपल्याकडे चुन्याच्या घाणीत गूळ, बेलफळ, हिरडा पडायचा, तेच शहाणपण. फळ्यांच्या साच्यात थर टाकून लाकडी धुमसाने ठोकतात आणि मधे बांबूच्या कांबी घालतात, आपण स्लॅबमध्ये सळई घालतो तशा. एका वर्षात साधारण एक मजला चढवायचा आणि वाळू द्यायचा. चार मजल्यांना चार वर्षं. खालच्या दोन मजल्यांना बाहेरून खिडकी नाही, दरवाजा एकच, फळ्यांवर लोखंडी पत्रा आणि वरून पाणी सोडायची सोय, म्हणजे कुणी आग लावली तर विझवता यावी. ही खरोखरीची गढीच, फक्त आत एक सरदार नसून सगळे सारखे.

हे 'सगळे सारखे' जरा उलगडून सांगतो, कारण काकूंना तेच बघायचं असेल. एका कुटुंबाला तळापासून छपरापर्यंत एक उभा काप मिळतो. तळाला चूल, वर धान्याची कोठी, त्यावरच्या दोन मजल्यांवर निजायच्या खोल्या. घर गोल, त्यामुळे कुणाला कोपऱ्याची अंधारी खोली येत नाही, कुणाला दर्शनी येत नाही. खोल्या एकाच मापाच्या. थोरल्या पातीला मोठा सोपा आणि धाकटीला परसाकडची पडवी, असं काही नाहीच. मधोमध पितरांचं देऊळ, ते सगळ्यांचं. लग्न तिथे, मयत तिथे, पंचायत तिथे. आमच्या तीन मामांची वाटणी अशी उभी झाली असती तर छप्पर तिघांच्याही डोक्यावर राहिलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

छंगछी लोउला चार कडी आहेत, एकात एक. बाहेरचं चार मजली, मजल्याला ७२ खोल्या. दुसरं दोन मजली, मजल्याला ४०. तिसरं एकमजली, ३२ खोल्यांचं. आणि मधे पितरांचं देऊळ. खोल्यांची बेरीज करा, ४०० येते. तिथल्या पोरांच्या तोंडी असलेल्या ओव्यांतही हाच आकडा आहे: चार मजले, चार कडी, वरखाली चारशे खोल्या. ऐन भरात ८० कुटुंबं आणि ६०० च्या वर माणसं होती. आडनाव सगळ्यांचं ज्यांग. तिथली एक गोष्ट सांगतात. दोन बायका कुठल्याशा लग्नात भेटल्या आणि आपापल्या सासरचं घर किती मोठं ते सांगू लागल्या. बोलता बोलता कळलं की दोघी एकाच घरातल्या, एक पूर्वेकडची आणि एक पश्चिमेकडची. काकूंना ही गोष्ट दारातच सांगा.

होंगखंगला जनछंग लोउ, १९१२ चं, लिन घराण्याचं. या घराण्याचा पैसा तंबाखू कापायच्या सुऱ्यांचा. योंगदिंगची बारीक चिरलेली तंबाखू तेव्हा दूरदूर जायची आणि ती चिरायच्या सुऱ्या हे करायचे. त्यामुळे घरात थाट आहे. बाहेरच्या कड्याचे आठ भाग, दर दोन भागांमध्ये आग अडवणारी भिंत, आतल्या कड्याला शांघायहून आणलेले लोखंडी कठडे, आणि दोन विहिरी, एक चंद्राची नि एक सूर्याची म्हणा. जवळच रूशंग लोउ आहे, सगळ्यात लहान, धान्य मोजायच्या मापासारखं. आपण अधोली म्हणतो ना, तसं. तेही बघा. बाकीची घाईघाईत बघू नका. एका अंगणात दोन तास बसाल तर जे कळेल ते दहा घरं पालथी घालून कळणार नाही.

वरच्या मजल्यांवर सहसा सोडत नाहीत. लाकडी सज्जे जुने आहेत आणि लोकांच्या निजायच्या खोल्या आहेत, ते बरोबरच आहे. आग्रह करू नका.

जेवण: 'वो छ सू' म्हणजे मी शाकाहारी. पण एवढ्यावर भागत नाही, कारण भाजीसुद्धा डुकराच्या चरबीत परततात. 'बू याओ झू यौ' हे पाठ करा, चरबी नको. अळकुडीच्या पिठाचे उकडलेले गोळे मिळतात, आत सारण बहुधा मांसाचंच असतं, विचारूनच घ्या. सुकवलेली मोहरीची पालेभाजी ही योंगदिंगची खासियत. तेलात करून मागा, काकूंना आवडेल.

—

कांचन_कोलकाता · १३ सप्टेंबर

गढीवरचा, तुम्ही डोळ्यांत पाणी आणलंत.

मी ३४ वर्षं कोलकात्यात आहे. आपण गाडीवर ज्याला हक्का नूडल्स म्हणतो ते नाव इथल्या हक्का लोकांमुळेच पडलं. मृण्मयी, तिथल्या हॉटेलात ते मागू नकोस, तो पदार्थ इकडचा, या लोकांनी आपल्या चवीला जुळवून घेताना घडवलेला. इथल्या टँग्रा वस्तीत यांचे कातडी कमावायचे कारखाने होते. माझ्या मुलीच्या वर्गातली एक मैत्रीण त्या वस्तीतली, तिच्या आजीकडे मी पुष्कळदा गेलेय. इथले बहुतेक हक्का मेइश्येनचे, म्हणजे ग्वांगदोंगमधले. त्या बाजूची घरं अर्धगोल असतात, समोर अर्धा गोल तळ्याचा आणि मागे अर्धा गोल खोल्यांचा. तेव्हा गोल गढी म्हणजेच हक्का असं नाही, एवढंच सांगायचं होतं.

'हक्का' म्हणजे पाहुणी कुटुंबं. उत्तरेकडून शेकडो वर्षांत टप्प्याटप्प्याने खाली सरकलेले लोक, सुपीक सपाटी आधीच्यांनी घेतलेली, म्हणून डोंगर वाट्याला आला. ती आजी मला म्हणायची, आम्ही इथेही पाहुणे आणि तिथेही पाहुणेच. आता तिची नातवंडं कॅनडात आहेत.

—

नीरज_कुडाळ · १४ सप्टेंबर

छान माहिती. मग फुजियानमधली सगळी गोल घरं तरी हक्कांचीच ना?

—

गढीवरचा · १४ सप्टेंबर

नाही, आणि हा गैरसमज मलाही दोन वर्षं होता. पूर्वेकडे हुआआन तालुक्यात अर्-यी लोउ म्हणून १७७० चं फार देखणं घर आहे, ते मिन्नान, म्हणजे दक्षिण फुजियानची भाषा, बोलणाऱ्यांचं. तिथे प्रत्येक कुटुंबाचा जिना स्वतंत्र. हक्कांच्या घरात सहसा जिने सामाईक आणि सज्जा सगळ्यांच्या दारांवरून फिरणारा. अपवाद छूशी गावचं जीछिंग लोउ. १४१९ चं, हक्कांचंच, पण जिने ७२. बहुधा शेजार किती हवा याबद्दल तिथेही दोन मतं असणार.

कांचनताई, तुमच्या आजीचं वाक्य लिहून ठेवलं. पाहुण्यांवरून आठवलं, टायगर बामवाले ऑ बून हॉ यांचं मूळ घराणं योंगदिंगचंच. वडील औषधं विकायला रंगूनला गेले, मुलगा तिथेच १८८२ मध्ये जन्मला. होंगखंगहून फार लांब नाही ते गाव. आपल्या घराघरांतल्या त्या छोट्या बाटलीचं मूळ असं या डोंगरात आहे.

—

वाईची_मृण्मयी · ९ नोव्हेंबर

मंडळी, जाऊन आलो. उशिरा लिहितेय, आई परवाच परत गेली.

दादा, तुमचं ऐकलं. दोनच गावं आणि एक मुक्काम. रेल्वे टाळून सरळ गाडी केली, श्यामेनहून साधारण तीन तास लागले. थ्येनल्वोखंग सोडून दिलं. नवरा जरा हिरमुसला, पण नंतर काही बोलला नाही.

गाओबेइला सकाळी साडेआठला पोचलो. दारात आईला त्या दोन बायकांची गोष्ट सांगितली. ती हसली आणि म्हणाली, आमच्या वाड्यातसुद्धा मागच्या चौकातल्या सोवळ्या आजी पुढच्या चौकात वर्षातून दोनदा यायच्या. मग आत पाऊल टाकलं आणि ती थांबली. मला वाटलं पाय दुखतोय. ती वर बघत होती. चार मजल्यांची कौलं चारी बाजूंनी, आणि मधे गोल आभाळ. वाड्याच्या चौकातून चौकोनी दिसायचं तेवढाच फरक, असं ती म्हणाली.

आतल्या कड्यांत दुकानं आहेत, चहा, लाकडी खेळणी, किल्ल्यांना लावायची छोटी गोल घरं. ते मला सुरुवातीला खटकलं. पण दुकानात बसलेली माणसं तिथलीच आहेत, आपल्याच चुलीच्या दारात बसून विकतात. कुणी बाहेरून आणून बसवलेलं नाही. हे कळल्यावर मन निवळलं.

तिसऱ्या कड्यापाशी एक आजी पाटावर बसून सुकवलेली पालेभाजी निवडत होत्या. काड्या वेगळ्या, पानं वेगळी. आई शेजारच्या दगडी पायरीवर टेकली. पाचेक मिनिटांनी बघते तर आईही निवडतेय. कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं. मी भाषांतर करायला पुढे झाले तर आईने हाताने थांबवलं. दीड तास दोघी बसल्या होत्या. मधे आजींनी तीन बोटं दाखवली आणि दूरच्या दिशेने हात केला, बहुधा तीन मुलं बाहेरगावी. आईने एक बोट दाखवून माझ्याकडे खूण केली.

मग आजींनी तिला चूल दाखवली. मी दारातच राहिले, जागा इतकी अरुंद. गॅसची शेगडी होती आणि शेजारी जुनी मातीची चूलही, तिच्यावर चुलीच्या देवाचा लाल कागद. आईने चुलीला नमस्कार केला. आजींना ते कळलं असावं, त्यांनी आईचा दंड धरून ठेवला होता.

पाण्याचं उत्तरही मिळालं. विहीर अंगणात आहे, कड्यांच्या मधे, आणि प्रत्येक घरची बाई आपापलं भरायची. आता नळ आहेत. विहिरीचा काठ दोरांनी कापल्यासारखा झालाय, त्यात आईने बोट फिरवून बघितलं. मोऱ्या-शौचकूप भिंतीबाहेर असायचे आणि रात्रीसाठी वर लाकडी बादल्या, असं एका मुलाने सांगितलं. आईने लगेच विचारलं, त्या सकाळी कोण उतरवायचं? मुलगा हसला आणि म्हणाला, सुना. आई काही बोलली नाही, पण वाड्याच्या आठवणी सांगताना ती ज्या सुरात बोलते तो तिचा सूर त्या दिवशी थोडा बदलला. संध्याकाळी म्हणाली, "सारख्या मापाच्या खोल्या पुरुषांना मिळाल्या गं. बादल्या कुणाला सारख्या वाटल्या का, ते विचारायचं राहिलं." दादा, तुम्हाला हे मुद्दाम सांगतेय, कारण तुमची उभी वाटणी मलाही फार आवडली होती.

होंगखंगला एका जुन्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. जिना उभा होता, कठडा पक्का होता, आई चढली. रात्री कुणी सज्जातून चाललं की सगळ्या कड्यात फळ्या वाजत होत्या. मला झोप येईना. आई गाढ झोपली, घोरत होती. सकाळी म्हणाली, इतक्या वर्षांनी माणसांच्या आवाजात झोपले.

जेवणाचं 'बू याओ झू यौ' कामी आलं. मालकीणबाईंनी शेंगदाण्याच्या तेलात तीच सुकी पालेभाजी, मऊ भात आणि बांबूचे कोंब दिले. आईने सोबत मेतकूट नेलं होतं, ते मालकीणबाईंनी चाखून मुलीलाही दिलं. अंगणात सुपांतून लालसर तांबूस पर्सिमनची फळं वाळत घातली होती, एक पिशवीभर विकत घेतली.

जनछंग लोउ देखणं आहे, कठडे खरंच बघण्यासारखे. पण आईचं लक्ष दरवाज्यावर. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर ती दाराच्या पाठीमागे गेली आणि मला हाक मारली. भिंतीत खोल चौकोनी भोक, समोरच्या भिंतीत तसंच. "अडसर!" म्हणाली. आमच्या वाड्याला अगदी असाच होता, दिवसा भिंतीत सरकवून ठेवायचा, रात्री ओढून समोरच्या खाचेत घालायचा. तो ओढायचं काम तिच्या आजोबांचं, आणि ते गेल्यावर तिच्या वडिलांचं. तिने खाचेत हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. मग वितीने भिंतीची जाडी मोजायला लागली. सहा विती झाल्या. परतीच्या वाटेवर गाडीत तिने मला पहिल्यांदाच सांगितलं की वाडा पाडला त्या रात्री अडसर तिथेच ढिगाऱ्यावर पडून होता, मामा फक्त कडीच आणू शकला, कारण अडसर रिक्षात मावत नव्हता.

दादा, आई तुमच्यासाठी निरोप ठेवून गेलीय. विचारलंय, तुमच्या गढीच्या दरवाज्याचं काय झालं?

—

गढीवरचा · ९ नोव्हेंबर

बादल्यांचं काकूंचं म्हणणं मी अकरा खेपांत एकदाही विचारलं नव्हतं. आजोळी माझ्या तीन माम्या होत्या. दोघी आहेत, त्यांना फोन करतो.

दरवाजा विकला गेला. सागवानी होता, २००८ च्या सुमारास कुणी तरी हॉटेलच्या सजावटीसाठी घेऊन गेलं. पण वेशीची उजवीकडची भिंत पुरुषभर उंच अजून उभी आहे आणि त्यात अडसराचं भोक आहे. लहानपणी आम्ही त्यात गोट्या लपवायचो. डिसेंबरात गावी जातोय. वितीने मोजून काकूंना कळवतो.